गंगापूर ते पोचमपाड: गोदावरीच्या धरणांवरून खाली

बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलैला वर जातात आणि २९ ऑक्टोबरला खाली येतात. पाऊस लवकर येवो की उशिरा, तारीख हलत नाही. ती सर्वोच्च न्यायालयाने बांधून दिली आहे. दरवर्षी पेपरात कोपऱ्यात चार ओळींची बातमी येते. ते एकदा प्रत्यक्ष बघायचं होतं. बाभळी नांदेड जिल्ह्याच्या टोकाला आणि मी निफाड तालुक्यातला. एवढं लांब जायचंच तर गोदावरीच्या काठाकाठाने, वाटेतली धरणं बघत जाऊ, असं ठरलं.

सोबतीला मेहुणा. भाऊबीजेला आला होता, परत जाणारच होता. तो मानवत तालुक्यातला, पैठणच्या डाव्या कालव्यावर शेती करणारा, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा लाभधारक. आणि मी, त्याच्या हिशेबाने, जायकवाडीचं पाणी वरच्या वर अडवून बसलेल्यांपैकी. आमची सोयरीक जेवढी जुनी तेवढंच हे भांडणही. बायको म्हणाली, गाडीत काय भांडायचं ते भांडून घ्या, घरात नको.

२५ ऑक्टोबर: गंगापूर, नांदूर मध्यमेश्वर

नदी उगवते त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर. तिथून पश्चिमेचा समुद्र हाकेच्या अंतरावर, पण ती पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्या वाटेवरचं पहिलं मोठं धरण गंगापूर. १९६५ साली पूर्ण झालेला मातीचा बांध, लांबी जवळपास ४ किलोमीटर. बांधावर जायला परवानगी लागते, म्हणून आम्ही बोट क्लबच्या बाजूने गेलो. पाणी काठोकाठ होतं. पलीकडच्या उतारावर द्राक्षबागा, फार्महाऊस, वायनरी. हे धरण बांधलं शेतीसाठी, पण नाशिक शहर वाढत गेलं तसं त्यातलं पाणी नळाकडे वळत गेलं. नाशिकच्या माणसाला आज गंगापूर म्हटलं की कालवा आठवत नाही, ‘धरण किती टक्के भरलं’ तेवढं आठवतं.

आणि पूर आला की दुतोंड्या मारुती. रामकुंडाजवळच्या त्या उंच मूर्तीच्या पायाला पाणी लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, यावर शहर पुराची मोजदाद करतं. गंगापूरच्या विसर्गाचा क्युसेकमधला आकडा सरकारी पत्रकात येतो, पण लोकांचा विश्वास मारुतीवर. आज पाणी पायरीखाली होतं आणि घाटावर दिवाळीच्या सुट्टीची गर्दी.

“हे ५.६३ टीएमसीचं धरण,” मी मेहुण्याला म्हणालो. (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी.) “बांधलं तेव्हा सातच्या वर होतं, गाळाने एवढं कमी केलं. तुमचा जायकवाडीचा नाथसागर १०२ टीएमसीचा. आमच्या ह्या ओंजळभर पाण्याने तुमचं काय अडतं?”

“दाजी, एकटं गंगापूर कशाला मोजता? दारणा मोजा, मुकणे मोजा, भावली मोजा, काश्यपी, करंजवण, पालखेड मोजा. मग नगरच्या बाजूला चला, भंडारदरा, निळवंडे, मुळा. मंग सांगा ओंजळ किती लोकांची.”

यादी त्याची तोंडपाठ आहे. जायकवाडीच्या शेतकऱ्याला वरच्या धरणांची नावं पाढ्यासारखी येतात. उलट आमच्याकडे कुणाला विचारा, पैठणच्या खाली कोणते बंधारे आहेत ते सांगता येणार नाही. मलाही येत नव्हतं.

दुपारी नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजांनी बांधलेला दगडी बंधारा. याचं काम साठवण्याचं नव्हतंच. दारणा आणि मग गंगापूरमधून सोडलेलं पाणी इथे अडवून दोन्ही तीरांवरच्या कालव्यांत घालायचं, एवढंच. त्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याचा कोरडा पट्टा उसाचा केला. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साठून बेटं झाली, पाणगवत वाढलं, आणि इंजिनिअरच्या दृष्टीने निकामी होत गेलेली ती जागा पक्ष्यांनी ताब्यात घेतली. २०२० मध्ये हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. चापडगावच्या मनोऱ्यावरून दुर्बिणीने पाहिलं तर जांभळ्या पाणकोंबड्या आणि वारकरी भरपूर. थंडीचे परदेशी पाहुणे अजून यायचे होते, क्रौंच तर डिसेंबरशिवाय नाहीतच.

आमच्यासाठी मात्र हा बंधारा म्हणजे हिशेबाची जागा. वरच्या सगळ्या नाशिकच्या धरणांचं पाणी इथून पुढे जायकवाडीकडे जातं, म्हणून पावसाळ्यात रोज बातमी असते: नांदूर मध्यमेश्वरमधून इतके क्युसेक, जूनपासून इतके टीएमसी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला घनफूटभर पाणी, साधारण २८ लिटर. ११,५७४ क्युसेकने अख्खा दिवस पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. हा शेवटचा आकडा मेहुण्याने सांगितला, मोबाईल न काढता.

रात्री घरीच मुक्काम. ओसरत्या उजेडात त्याने माझ्या बागेतलं ठिबक वाकून वाकून बघितलं आणि काही बोलला नाही.

२६ ऑक्टोबर: कोपरगाव, टोका, पैठण

कोपरगाव ओलांडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. गाळप हंगाम तोंडावर आलेला, त्यामुळे कारखान्यांच्या आवारात ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रॅक्टर आणि कोप्या उभ्या राहत होत्या. बीडकडची माणसं इथे ऊस तोडायला येतात. त्यांच्या शिवारात पाणी असतं तर आली नसती, असं मेहुणा म्हणाला. हे इतकं सोपं नाही, पण खोटंही नाही.

प्रवरासंगमाला, टोक्याजवळ, पुलावर थांबलो. इथे प्रवरा येऊन मिळते आणि इथेच नाथसागराचा फुगवटा सुरू झालेला असतो. नदी असते तिथे एकदम समुद्रासारखं पाणी दिसायला लागतं. काठावर सिद्धेश्वराचं जुनं दगडी मंदिर. त्याच्या खालच्या बाजूला काठाने विद्युतपंपांची रांग आणि जाड पाइप लांब शेतांकडे गेलेले. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या काळ्या गाळात लोक पिकं घेतात, गाळपेर म्हणतात त्याला. धरणात बुडालेली जमीन अशी दरवर्षी काही महिने पाण्याबाहेर येते.

तिसऱ्या प्रहरी पैठण. धरणाची भिंत १०.२ किलोमीटर लांब. आकडा वाचून काही कळत नाही. गाडी खालच्या रस्त्याने चालत राहते आणि डाव्या हाताला हिरवट मातीचा बांध संपतच नाही, तेव्हा कळतं. मधल्या दगडी भागात २७ दरवाजे. त्यातले १८ नेहमीचे, ९ आपत्कालीन. पूर्ण पातळी १५२२ फूट, आणि पैठणमध्ये हा आकडा पानवाल्यालाही पाठ. २००६च्या ऑगस्टमध्ये इतकं पाणी सोडावं लागलं होतं की खाली पैठण शहरातच ते शिरलं. धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला दुष्काळाची जितकी धास्ती, तितकीच भरलेल्या धरणाची.

नाव जायकवाडी आणि गाव पैठण हे कसं, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. हैदराबाद संस्थानाच्या काळात धरणाची पहिली आखणी बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावापाशी झाली होती. पुढे राज्यं बदलली, जागा वर पैठणला सरकली, फायलींवरचं नाव मात्र तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ला इंदिरा गांधींनी उद्घाटन. त्या वेळी मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण होते. हे धरण उभं राहावं म्हणून पाटबंधारे मंत्री असल्यापासून त्यांनी जोर लावलेला. पाण्याखाली शंभरावर गावं गेली. ती उठून आजूबाजूला वसली, आणि त्यांतल्या कित्येकांना डोळ्यांसमोर सागर असून पिण्याचं पाणी टँकरने आणावं लागल्याच्या गोष्टी इथे कुणीही सांगतो.

उंचवट्यावरून पाहिलं तर पलीकडचा काठ दिसत नाही. जलाशय ५५ किलोमीटर लांब, रुंद ठिकाणी २७ किलोमीटर, क्षेत्र साडेतीनशे चौरस किलोमीटर. साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर. भागाकार केला तर सरासरी खोली ८ मीटरच्या आसपास येते. म्हणजे हे पसरट ताट आहे, आणि मराठवाड्याच्या उन्हात ठेवलेलं. बाष्पीभवनात उडून जाणारं पाणी हा जायकवाडीचा न बोलणारा लाभधारक. शिवाय १०२ टीएमसीतले २६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी वापरता न येणारं पाणी. वापरायचं पाणी उरतं ७६.६५ टीएमसी, आणि त्यावर छत्रपती संभाजीनगर शहर, जालना, उद्योग, दोन कालवे, खालचे बंधारे सगळे डोळा ठेवून.

हे ७६ टीएमसी दरवर्षी मिळत नाहीत म्हणून तर भांडण. धरण बांधताना नदीत जेवढं पाणी येईल असं धरलं होतं, तेवढं नंतर येईना, कारण वर एकेक करून धरणं बांधली गेली. २००५च्या कायद्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं आणि तूट सगळ्यांनी वाटून घ्यायचं तत्त्व आलं. मग मेंढेगिरी समितीने कोष्टकच करून दिलं: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या कोणत्या धरणसमूहाने किती सोडायचं ते. २०१५ मध्ये १२.८४ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, २०२३ मध्ये ८.६ टीएमसीचा. दर वेळी मोर्चे, कोर्ट, पोलीस बंदोबस्त. पाणी सुटलं की काठावरची वीज तोडतात, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात, तरी कोरड्या वाळूत आणि चोरट्या पंपांत बराच वाटा जातो.

माझं म्हणणं असं, आणि ते मी पैठणला नाथसागराच्या काठावर उभं राहूनही सोडलं नाही: हिवाळ्यात नदीतून पाणी सोडणं ही पाणी वाटण्याची फार महागडी रीत आहे. मेहुण्याचं म्हणणं, “मंग पावसाळ्यातच सोडा की. तवा अडवता कशाला?” याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. यंदा धरण भरलेलं होतं, १५ ऑक्टोबर शांततेत गेली होती, त्यामुळे दोघांनाही ताणायची गरज वाटली नाही. नाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि मुक्काम केला.

२७ ऑक्टोबर: आपेगाव, पाथरी, मानवत

सकाळी निघायच्या आधी भिंतीखालचं वीजघर लांबून बघितलं. १२ मेगावॉटचं, उलटसुलट चालणारं. पाणी खाली सोडताना वीज करायची आणि विजेची मागणी कमी असेल तेव्हा तेच पाणी खालच्या बंधाऱ्यातून परत धरणात चढवायचं. मेहुण्याला ही कल्पना भलतीच आवडली. त्याच्या कालव्यासाठी असं काही करता आलं तर, असा विचार तो पुढे बराच वेळ करत असावा.

पैठणच्या खाली गोदावरीवर उच्च पातळी बंधाऱ्यांची माळ आहे. आपेगाव, हिरडपुरी, मग खाली लोणी सावंगी, ढालेगाव, तारूगव्हाण, मुदगल, मुळी, डिग्रस. नदीच्या पात्रातच पाणी अडवायचं, बाहेर काही बुडवायचं नाही, अशी रचना. आपेगाव हे ज्ञानदेवांचं गाव. बंधाऱ्यामागे पाणी मंदिराच्या घाटाशी तट्ट भरलेलं. खाली राक्षसभुवन लागतं, जिथे १७६३ मध्ये माधवराव पेशव्यांनी निजामाला हरवलं. तिथे थांबलो नाही, कारण मेहुण्याला त्याचा कालवा दाखवायची घाई.

डावा कालवा २०८ किलोमीटर लांब. जालना जिल्ह्यातून परभणीत येतो. उजवा १३२ किलोमीटरचा, तो माजलगावच्या धरणाला जाऊन मिळतो. पाथरीच्या पुढे आम्ही डाव्याच्या भरावावरून गाडी घातली. अस्तर जागोजाग उखडलेलं, मोकळ्या भेगांतून बाभळी उगवलेल्या, आणि तळाला गाळावर बेशरमाची झाडी. पाणी नव्हतं, रब्बीचं आवर्तन सुटायचं होतं.

“हेड म्हणजे अंबड-घनसावंगी. टेल म्हणजे आम्ही,” मेहुणा म्हणाला. “कागदावर शेजपाळी टेलपासून हेडकडं. आधी शेवटच्याला, मग वरच्याला. खरं काय होतं, ते ह्या चारीत उतरून बगा.”

उतरलो. चारीच्या दारावरचं लोखंडी फाटक कधीचंच गेलेलं, तिथे दगड आणि पोत्यांचा बांध. वरच्या वाडीतल्या लोकांनी घातलेला. म्हणजे हेडचे लोक टेलला पाणी देत नाहीत, टेलच्या चारीवरचे पहिले लोक शेवटच्यांना देत नाहीत. पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज भरून पाणीपट्टी भरणारा आणि रात्री पोती हलवणारा एकाच गावातले, कधी एकाच घरातले. ज्यांच्या रानात पोती होती ते मेहुण्याचे चुलते निघाले. त्याने हसून तो विषय बदलला, आणि मीही ताणला नाही.

हरभऱ्याची पेरणी चालू होती. पण त्याच्या रानात एक एकरावर ऊसही उभा. “विहिरीवरचा आहे,” तो म्हणाला. विहीर कालव्याच्या पाझरावर. नगरच्या उसाला नावं ठेवणाऱ्या माणसाचा ऊस बघून मला जे समाधान झालं ते मी जेवणाच्या ताटावर लपवलं. मेहुणीने केलेलं धपाटं आणि ठेचा असा होता की वादाला तोंडच उरलं नाही.

२८ ऑक्टोबर: गंगाखेड, नांदेड

गंगाखेड जनाबाईचं. इथली माणसं नदीला गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात. ‘गंगेला पाणी आलं का’ हाच प्रश्न. यंदा आलं होतं, भरपूर. पुराच्या खुणा बाभळींच्या शेंड्यांवर अडकलेल्या चिंध्यांत आणि प्लास्टिकमध्ये दिसत होत्या.

पालम तालुक्यातल्या डिग्रस बंधाऱ्याला फक्त पुलावरून पाहिलं. इथला तंटा वेगळाच. उन्हाळ्यात नांदेड शहर तहानलं की डिग्रसचं पाणी खाली विष्णुपुरीत सोडायची मागणी होते, आणि मग परभणीवाले अडवतात. मेहुणा इथे ठाम परभणीकर. “शहराचं नियोजन नाही, त्याला आम्ही काय करायचं?” हे वाक्य मी नाशिकच्या सभांमध्ये शब्दशः ऐकलं आहे.

नांदेडच्या वरच्या अंगाला असर्जनजवळ विष्णुपुरीचा बंधारा, जलाशयाचं नाव शंकरसागर. पाणी इथे आपोआप कुठे जात नाही. पात्र खोल आणि शेतं उंच, म्हणून पंपांनी उचलून कालव्यात टाकावं लागतं. आशियातली मोठी उपसा योजना म्हणून हिचं नाव घेतात. आकाराने लहान, तीन टीएमसीच्या आतली, त्यामुळे पावसाळ्यात जरा पाणी वाढलं की दरवाजे उघडायचे आणि मार्चनंतर घागर उपडी. संध्याकाळी गुरुद्वाऱ्यात लंगर घेतला. नदीच्या दोन्ही काठांवर लख्ख दिवे. मुक्काम नांदेडलाच.

२९ ऑक्टोबर: बाभळी

सकाळी धर्माबादच्या रस्त्याला लागलो. दुकानांच्या पाट्या आधी मराठी, मग मराठी-तेलुगू. धर्माबाद मिरचीचं गाव. बाजाराच्या बाजूने जाताना काच वर केली तरी ठसका लागतो.

बाभळी बंधारा उंच, दांडगा, १४ दरवाज्यांचा. साठवण फक्त २.७४ टीएमसी. पण याच्याएवढं कोर्ट गोदावरीवरच्या क्वचितच कुठल्या बांधकामाने पाहिलं असेल. कारण सोपं आहे: खाली तेलंगणातलं, म्हणजे तेव्हाच्या आंध्रातलं, पोचमपाड धरण आहे आणि त्याचा फुगवटा महाराष्ट्रात बाभळीच्याही वर येतो. म्हणजे बंधारा महाराष्ट्राच्या जमिनीवर, पण दुसऱ्या राज्याच्या जलाशयाच्या पोटात. १९७५च्या करारात पैठणच्या खाली नवीन प्रकल्पांसाठी महाराष्ट्राला ६० टीएमसी दिलं होतं. महाराष्ट्र म्हणे, आम्ही त्यातलंच वापरतोय. आंध्र म्हणे, तुम्ही आमच्या धरणात हात घालताय. २००६ मध्ये आंध्र सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आमदारांना घेऊन बंधारा बघायला निघाले आणि धर्माबादला त्यांना अटक झाली. त्या दिवसांत इथे बंधाऱ्यापेक्षा पोलीस जास्त होते, असं चहावाला म्हणाला.

२८ फेब्रुवारी २०१३ला निकाल लागला. बंधारा राहील. पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर, नदीचा प्रवाह अडवायचा नाही. आणि दोन्ही साठ्यांत सामाईक असलेलं ०.६ टीएमसी पाणी १ मार्चला खाली सोडायचं. देखरेखीला त्रिसदस्यीय समिती.

आम्ही पोचलो तेव्हा काठावर पाच-पन्नास माणसं आणि सरकारी गाड्या उभ्या. केंद्रीय जल आयोगाचे, तेलंगणाचे आणि नांदेडचे अधिकारी बंधाऱ्यावर. सामान्य माणसाला वर जाऊ देत नव्हते, काठावरूनच बघायचं. मला वाटलं होतं काही तरी समारंभ असेल. तसं काहीच नाही. मोटारीचा घरघराट, एक दरवाजा हळूहळू खाली, थोडा वेळ काहीच नाही, मग पुढचा. सह्या. फोटो. एक अधिकारी दरवाज्यांपेक्षा मोबाईलमध्ये जास्त. खालच्या बाजूला प्रवाह बारीक होत गेला आणि पोरं लगेच उघड्या पडलेल्या डबक्यांत मासे पकडायला उतरली.

शेजारी उभे असलेले एक म्हातारे शेतकरी म्हणाले, “पाणी असतं तवा दार उघडं. दार लावायचं म्हणलं की पाणी नसतं. ह्यो बंधारा हाय का कमान?”

यंदा पाणी होतं, भरेल असं ते म्हणाले. कोरड्या वर्षी २९ ऑक्टोबरला अडवण्याजोगं काहीच उरलेलं नसतं. मला निकालातली तारीख न्यायाला धरून वाटते, खालच्या धरणाला पुराचं पाणी मिळायलाच हवं. पण पावसाळा आता ऑक्टोबरभर रेंगाळतो आणि कधी सप्टेंबरातच आटपतो. इतक्या लहरी पावसाला ठाम तारीख लावली की एका वर्षी एकाचं नुकसान आणि दुसऱ्या वर्षी दुसऱ्याचं.

मेहुणा मात्र तापला होता. “अडीच टीएमसीला एवढं राजकारण! त्यांचं धरण केवढं, आन् आपलं केवढं!”

मी फक्त ‘गंगापूर’ एवढंच म्हणालो. तो गाडीत जाऊन बसला.

दुपारी बासर. धर्माबादहून हद्द ओलांडली की लगेच. सरस्वतीच्या देवळात पाटी घेऊन आलेली लहान मुलं, अक्षराभ्यासाला महाराष्ट्रातूनही भरपूर येतात. घाटावरून दिसणारी नदी इथे आता पोचमपाडची होत चाललेली, रुंद आणि संथ. मुक्काम निजामाबादला.

३० ऑक्टोबर: पोचमपाड

सरकारी नाव श्रीराम सागर, पण ट्रक ड्रायव्हरपासून इंजिनिअरपर्यंत सगळे पोचमपाडच म्हणतात. नागपूर-हैदराबाद महामार्गापासून जवळ. २६ जुलै १९६३ला नेहरूंच्या हस्ते पायाभरणी. ४२ दरवाजे. पैठणचे २७ बघून आलेल्याला सुद्धा मान वळवावी लागते. मूळ क्षमता ११२ टीएमसी, गाळाने आता ८०च्या आसपास आलेली. तीसेक टीएमसी माती. त्यात नाशिकची, नगरची, बीड-परभणीची काळी माती असणार. पाण्यावरून भांडणाऱ्यांपैकी कुणी या मातीवर हक्क सांगितल्याचं ऐकलं नाही.

इथून निघणारा काकतीय कालवा २८४ किलोमीटरचा, करीमनगर-वरंगळकडे जातो. भिंतीजवळच्या टपरीवर चहा घेताना आम्ही महाराष्ट्रातले हे टपरीवाल्याने गाडीच्या नंबरवरून ओळखलं. दखनीत सुरू झाला. “तुम लोगां उपर रोक लेते, हमारे को क्या आता? बालू आता.”

मेहुण्याने हिशेब मांडला. बाभळी २.७४, तुमचं धरण ८०, त्यातही ०.६ परत देतो, आमच्यामुळे तुमचं काय अडतं.

“एक बाभली कायकू गिनते भाई? विष्णुपुरी गिनो, आमदुरा गिनो, बलेगाव गिनो, जायकवाडी गिनो.”

त्याचीही यादी तोंडपाठ होती. मी चहाचे पैसे दिले. मेहुणा काही बोलला नाही, पण टपरीवाल्याने आणखी एक गोष्ट सांगितली ती ऐकायला तो पुन्हा बाकावर बसला.

वरून पाणी येत नाही म्हणून तेलंगणाने खालून आणायचं ठरवलं. पोचमपाडच्या कितीतरी खाली, प्राणहिता मिळाल्यावर गोदावरी पुन्हा मोठी होते, तिथे मेडीगड्डाला बराज बांधला, ८५ दरवाज्यांचा. तिथून पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उलटं वर आणायचं: अन्नारम, सुंदिल्ला, येल्लमपल्ली, मिड मानेर. आणि पुढे पोचमपाडमधून निघणारा जो पूरकालवा, त्याच कालव्यातून, तीन पंपघरं बसवून, पाणी मागे पोचमपाडमध्ये चढवायचं. मुपकालचं शेवटचं पंपघर इथून जवळच. कालेश्वरम प्रकल्पाचं उद्घाटन २१ जून २०१९ला झालं, पाहुणे म्हणून महाराष्ट्राचे मुख्यमंत्रीही होते. आणि २१ ऑक्टोबर २०२३ला मेडीगड्डाच्या सातव्या ब्लॉकचे खांब खचले. तेव्हापासून तिथे पाणी अडवणं बंद. पैठणच्या १२ मेगावॉटच्या वीजघराने हुरळलेल्या मेहुण्याने इथे पहिला प्रश्न विचारला तो विजेच्या बिलाचा. टपरीवाल्याने नुसते हात वर केले.

आम्ही मुपकालला जाऊन आलो. फाटक बंद, आत जाऊ देत नाहीत. बाहेरून कालवा दिसतो, रुंद, काँक्रीटचा, आणि त्या दिवशी त्यात पाणी कुठल्याच दिशेला वाहत नव्हतं.

परतीच्या वाटेवर मेहुण्याने नकाशा उघडून मेडीगड्डा शोधलं. अलीकडच्या काठावर तेलंगण, पलीकडे गडचिरोलीतला सिरोंचा. बराजच्या फुगवट्याने आणि पुराने शेतं जातात म्हणून सिरोंच्याचे शेतकरी ओरड करतात, हे त्याला माहीत नव्हतं. म्हणजे तिथे पाणी तेलंगणाचं आणि बुडणारी जमीन आपली. “तिकडं कवा जायचं?” त्याने विचारलं. पुढच्या वर्षी, हरभरा निघाल्यावर आणि माझी द्राक्षं उतरल्यावर, असं ठरलं. सिरोंच्याहून खाली धवलेश्वरमपर्यंत, आर्थर कॉटनने १८५२ मध्ये पुरा केलेला बांध बघायला. तोवर मी त्याला मानवतला सोडून, रात्री उशिरा पाथरीच्या रस्त्याने परत निघालो. डाव्या कालव्याला पाणी सुटल्याचा मेसेज त्याच्या गटावर आला होता, शेवटच्या चारीला पोचायला त्याच्या अंदाजाने आठवडा तरी लागणार होता.